‘गोपनीयता’ की ‘खासगीपण’?

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा : वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘राष्ट्रीय ओळखपत्र आणि नागरिकांचे स्वातंत्र्य’ या विषयावर लिहिलेल्या भाषणात तिने ‘खासगीपणाचा हक्क’ असे शब्द वापरले होते, मार्गदर्शक सरांनी ते खोडून त्या जागी ‘गोपनीयतेचा अधिकार’ असे लिहिले. यांतले बरोबर कोणते, आणि ‘प्रायव्हसी’ला मराठीत नेमका शब्द आहे तरी का?

सरांना चूक म्हणता येणार नाही. वर्तमानपत्रांत ‘गोपनीयतेचा अधिकार’ हाच प्रयोग अधिक दिसतो आणि रूढीला भाषेत मोठा मान असतो. तरीही माझे मत विद्यार्थिनीच्या बाजूने पडते, आणि त्याचे कारण शब्दांच्या अर्थामध्ये आहे.

‘गोपनीय’ हा शब्द संस्कृतातील ‘गुप्’ या धातूपासून आला. त्या धातूला ‘राखणे’ आणि ‘लपवणे’ असे दोन्ही अर्थ आहेत, परंतु मराठी कानाला ‘गोपनीय’मध्ये दुसराच अर्थ ऐकू येतो. हा शब्द आपल्याकडे कोठे वावरतो ते पाहावे : मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, सरकारी कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिला जातो, परीक्षेच्या किंवा चौकशीच्या पाकिटावर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो. म्हणजे उघड झाल्यास काही बिघडेल, म्हणून जे जाणूनबुजून दडवून ठेवायचे, ते गोपनीय. हाच शब्द सामान्य माणसाच्या तोंडी घातला, की समोरून पुढचा प्रश्न ठरल्यासारखा येतो : तुमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? पाठोपाठ ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हणही येते. ओळखपत्राच्या सक्तीविषयी कोणी शंका काढली की पारावर, कचेरीत आणि दूरचित्रवाणीवरील चर्चेत हाच प्रश्न विचारला जातो, आणि ‘गोपनीयता’ हा शब्द स्वीकारणारा माणूस उत्तर देण्याआधीच आरोपीच्या जागी उभा राहिलेला असतो.

एक अनुभव सांगतो. परभणीकडे जाताना वाटेत घेतलेल्या शेंगदाण्यांच्या पुडीचा कागद उलगडला, तर ती कोणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स निघाली. छायाचित्र काळवंडलेले होते. नाव, जन्मतारीख, गावाचा पत्ता आणि बारा अंक मात्र स्वच्छ वाचता येत होते. त्या कागदावर गोपनीय असे काय होते? त्या माणसाचे नाव आणि घर त्याच्या गावात सर्वांना ठाऊक असणार, आणि वय शाळेच्या दाखल्यावर असणारच. तरीही तो कागद माझ्या हातात असायला नको होता. त्याचे काही गुपित फुटले नव्हते, पण जे त्याचे होते आणि त्याने एका कामापुरते कोणाला तरी दिले होते, ते त्याला न विचारता भलत्याच माणसापर्यंत पोचले होते. बोटांच्या ठशांचेही तसेच. ठसे आपण पाण्याच्या पेल्यावर सोडून जातो, त्यामुळे ते गुप्त मुळीच नसतात. परंतु खरेदीखताच्या तळाशी ‘निशाणी डावा अंगठा’ म्हणून उमटवलेला ठसा त्या एका कागदापुरता असे, तर कार्डासाठी दिलेला ठसा संग्रहात जातो आणि पुढे दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच कामासाठी पडताळला जातो. असे जे गोपनीय नाही पण आपले आहे, त्याला मराठीत ‘खासगी’ म्हणतात.

‘खासगी’च्या मुळाशी अरबी ‘खास’ आहे, आणि या शब्दाचा इतिहास आपल्या भागाला परका नाही. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब असत. दौलत राज्याची, खासगी राजघराण्याची. निजामाच्या राज्यात दिवाणी, म्हणजे सरकारी कारभाराखालच्या, मुलखाहून वेगळ्या ठेवलेल्या, थेट निजामाच्या स्वतःच्या खर्चासाठी असलेल्या जमिनींना ‘सर्फेखास’ म्हणत. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात हा शब्द अजून सापडतो. हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईनंतर १९४९ मध्ये सर्फेखास दिवाणीत विलीन झाले. कोणी हिशेब मागू नये असे स्वतःचे क्षेत्र तेव्हा राजाला होते, रयतेला नव्हते. आता तोच शब्द रयतेने स्वतःसाठी वापरावा, यात मला तरी औचित्य दिसते.

‘खासगी’वर एक आक्षेप निघतो, आणि तो रास्त आहे. आजच्या मराठीत खासगी म्हणजे ‘सरकारी नव्हे ते’ : खासगी शाळा, खासगी बस, खासगीकरण. म्हणून नुसता ‘खासगी हक्क’ चालणार नाही. ‘-पण’ लावावे लागते. येथे ‘-पण’ आणि ‘-पणा’ यांतला फरक पाहण्यासारखा आहे. ‘शहाणपण’ हा गुण, आणि ‘शहाणपणा करू नकोस’ ही तंबी. ‘-पणा’ पुष्कळदा स्वभावाकडे किंवा खोडीकडे झुकतो, तर ‘-पण’ स्थिती सांगतो : बालपण, माणूसपण. म्हणून मी ‘खासगीपण’ पसंत करतो. अर्थात विभक्ती लागली की दोन्हींचे रूप ‘खासगीपणाचा’ असेच होते, त्यामुळे विद्यार्थिनीच्या वाक्याला याने काही बाधा येत नाही.

हिंदीतून येऊ पाहणारा ‘निजता’ हा शब्द मला नकोसा वाटतो. संतवाङ्मयात ‘निज’ म्हणजे ‘आपले’ हा अर्थ भरपूर आहे, पण बोलीत ‘निजणे’ इतके बळकट आहे, की ‘निजता जपा’ असे म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस जांभई देईल. ‘एकांत’ सुंदर आहे, पण तो खोलीचा आणि मनाचा; माहितीसंग्रहातील नोंदीला एकांत कसा देणार?

‘गोपनीयता’ टाकून द्यावी असे मात्र नाही. तिची खरी जागा माहिती सांभाळणाऱ्याकडे आहे. रुग्णाचा आजार ही रुग्णाची खासगी बाब, आणि ती बाहेर न सांगणे ही डॉक्टरांनी पाळायची गोपनीयता. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि त्यासाठीचा कायदा २०१६ मध्ये झाला. त्या कायद्यात संग्रहातील माहितीची सुरक्षितता आणि गोपनीयता राखण्याची जबाबदारी आधारचे काम पाहणाऱ्या प्राधिकरणावर टाकली आहे. तेथे हा शब्द चपखल बसतो, कारण तेथे तो सांभाळणाऱ्याचे कर्तव्य सांगतो. मुळात माझ्याकडून काय मागावे आणि किती मागावे, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि तो खासगीपणाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयातील वादही याच आधीच्या प्रश्नावर होता. आधारविरुद्धच्या याचिकांच्या सुनावणीत केंद्र सरकारतर्फे १९५४ आणि १९६२ च्या निकालांकडे बोट दाखवून, असा मूलभूत हक्क घटनेत नाहीच, असे मांडले गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तो हक्क मान्य केला. त्यावर बंधन घालायचे तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवे, असा निकष त्या निकालातून पुढे आला. म्हणजे ‘का लपवता?’ हा प्रश्न मागे पडून ‘का मागता?’ हा प्रश्न पुढे आला. त्याच निकषांवर २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार योजना वैध ठरवली, परंतु बँक खाते आणि मोबाइल क्रमांक यांच्या जोडणीची सक्ती रद्द केली. खासगीपण मान्य केले म्हणजे ओळखपत्रच नको असे होत नाही, हे भाषणात एका वाक्यात तरी सांगावे.

उदाहरण हवे असल्यास ब्रिटनमधील क्लॅरेन्स विलकॉक यांचे घ्यावे. तेथे १९३९ मध्ये युद्धकाळासाठी ओळखपत्रे सुरू झाली, आणि युद्ध संपले तरी पोलीस ती मागत राहिले. १९५० मध्ये मोटार चालवत असताना अडवल्यावर विलकॉक यांनी कार्ड दाखवण्यास तत्त्व म्हणून नकार दिला. कायदा अजून लागू आहे म्हणून त्यांचा दोष कायम राहिला, पण शिक्षा झाली नाही. युद्धासाठी केलेला कायदा असा वापरल्याबद्दल न्यायाधीशांनी उलट पोलिसांनाच सुनावले, आणि १९५२ मध्ये ती कार्डे बंद झाली. विलकॉक यांना काही लपवायचे होते असे कोणी म्हटले नाही. त्यांच्या नकाराला ‘गोपनीयता’ हा शब्द लावून पाहावा, म्हणजे तो किती तोकडा पडतो ते दिसेल.

राहिला ‘हक्क’ की ‘अधिकार’. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आहेत. ‘मौलिक अधिकार’ हा हिंदीचा प्रयोग. मराठीत अधिकार अधिकाऱ्याला असतो आणि हक्क माणसाला, असे मी म्हणालो असतो, पण सातबाऱ्याच्या गाव नमुना सातवर ‘अधिकार अभिलेख पत्रक’ असे छापलेले असते, त्यामुळे तेवढे ठाम बोलता येत नाही. तरी भाषणात ‘हक्क’च ठेवावा. ‘खासगी’ऐवजी ‘खाजगी’ लिहिले तरी चालते, दोन्ही रूपे रूढ आहेत. फक्त एकाच लेखात दोन्ही येऊ देऊ नयेत.