नकारानंतर नायक काय करतो?

प्रेमकथांमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या साच्यांपैकी कोणता सर्वांत अधिक भावतो आणि कोणता अजिबात सहन होत नाही, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर थोडे विचित्र वाटेल, कारण माझ्या अत्यंत आवडीचा आणि अत्यंत नावडता हे दोन्ही साचे वरवर पाहता सारखेच दिसतात. दोन्हींत नायिका आधी नायकाला झिडकारते, त्याचे मन तिच्यावरून हटत नाही आणि अखेरीस ती त्याचा स्वीकार करते. फरक असतो तो नकार आणि होकार यांच्यामधल्या काळात नायक काय करतो, यात.

भांडणातून प्रेमाकडे जाणाऱ्या कथांचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे जेन ऑस्टिन यांची १८१३ साली प्रसिद्ध झालेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी. तीत डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो तेव्हा प्रेमाइतकाच वेळ तो तिच्या घराण्याचा कमीपणा सांगण्यात घालवतो, आणि होकार मिळणारच अशी त्याची खात्री असते. ती त्याला स्पष्ट नकार देते. आपल्या बहिणीचे जुळत आलेले लग्न त्याने मोडले आणि विकम नावाच्या माणसावर अन्याय केला, असे दोन आरोप करते. आणि तो सभ्य गृहस्थासारखा वागला असता तर नकार देताना आपल्याला थोडे तरी वाईट वाटले असते, असेही सुनावते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या हातात एक पत्र ठेवतो, ते वाचण्याची विनंती करतो आणि किंचित वाकून निघून जातो. पत्रात दोन्ही आरोपांना उत्तर आहे, परंतु पुन्हा मागणी मात्र नाही. पुढे पेंबर्ली या त्याच्या वाड्यावर अवचित गाठ पडते तेव्हा व्यापारी असलेल्या तिच्या मामांशी तो आदराने वागतो, आणि तिच्या धाकट्या बहिणीवर आलेले संकट निस्तरतो तेही तिला कळू न देता. दुसऱ्यांदा मागणी घालताना तो म्हणतो, की तुमच्या भावना एप्रिलमध्ये होत्या तशाच असतील तर एका शब्दाने सांगा, मी हा विषय पुन्हा कधीही काढणार नाही. सभ्य गृहस्थाविषयीचे ते वाक्य इतके महिने त्याला छळत होते, हेही तो तिच्याजवळ कबूल करतो. माझ्या मते कादंबरीचा प्राण येथे आहे. तिने ‘नाही’ म्हटले, त्याने ते ऐकले, आणि ऐकल्यामुळे तो बदलला.

विशेष म्हणजे ऑस्टिन यांनी याच कादंबरीत उलटा नमुनाही ठेवला आहे. कॉलिन्स हा पाद्री एलिझाबेथला मागणी घालतो आणि ती कितीही वेळा नाही म्हणाली तरी मानत नाही, कारण मनातून होकार असलेल्या तरुणीही पहिल्या मागणीला नकारच देतात, अशी त्याची समजूत आहे. मी विनवण्या ऐकण्यासाठी नाही म्हणणारी नाही, मला विचार करणारी माणूस समजा, हे तिला निक्षून सांगावे लागते. नकारात होकार शोधणाऱ्या पुरुषाला दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका लेखिकेने हास्यास्पद ठरवले होते, आणि आजही तोच पुरुष आपल्याकडच्या कितीतरी कथांत आणि चित्रपटांत नायक म्हणून मिरवतो, याची मला मनापासून चीड येते. तो मुलीच्या वाटेत उभा राहतो, तिच्या मैत्रिणींना गाठतो, हात धुऊन मागे लागतो, आणि शेवटी ती विरघळते. तिचे मत नेमके कशामुळे बदलले, हे लेखक सांगत नाही, कारण सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते.

हा साचा जुना आहे आणि त्यावरचा वादही जुनाच आहे. सॅम्युएल रिचर्डसन यांच्या १७४० सालच्या ‘पामेला’मध्ये मालक आपल्या किशोरवयीन मोलकरणीच्या मागे लागतो, तिची पत्रे अडवतो, तिला दूरच्या वाड्यात कोंडून ठेवतो, आणि शेवटी तिचे लग्न त्याच्याशीच होते. तिच्या शीलाचे बक्षीस म्हणून! कादंबरी तुफान लोकप्रिय झाली, आणि पुढच्याच वर्षी हेन्री फील्डिंग यांनी तिचे विडंबन लिहिले. या मालकाला मन बदलण्याची संधी लेखकाने दिली आहे, हे मान्य. पण नायिका त्याच्या कैदेत असताना झालेला तो बदल माझ्या गळी उतरत नाही.

गैरसमजाच्या साच्यालाही अनेक वाचक नावे ठेवतात. दोन वाक्यांत मिटणारी गोष्ट मालिकेत दोनशे भाग ताणली जाते, तेव्हा तो राग रास्तच असतो. मात्र देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ या नाटकात फाल्गुनराव आणि कृत्तिका ही दोघे नवरा-बायको स्वभावानेच संशयी आहेत, त्यांना खरे सांगितले तरी ती त्यातून नवा संशय काढतील, म्हणून तेथे तो साचा शोभतो.

चिवट नायक आवडणाऱ्या वाचकांना मी दोष देत नाही. आपल्यावर कोणीतरी न कंटाळता प्रेम करावे ही इच्छा खरी आहे, आणि डार्सीदेखील एप्रिलपासून शरद ऋतूपर्यंत प्रेम करायचे थांबत नाही. तो फक्त तिच्या वाटेत उभा राहत नाही.