बॉबी मूरचा संघ गातो तेव्हा

प्रश्न : १९७० च्या वर्ल्ड कपआधी इंग्लंडच्या फुटबॉल संघाने गाण्यांची अख्खी एल.पी. (मोठी तबकडी) काढली होती, असं आमच्या तालमीतले एक जुने खेळाडू सांगतात. खेळाडू खरंच गायले होते का? आणि ती ऐकण्यासारखी आहे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : खरंच गायले, कप्तान बॉबी मूरसकट. ‘पाय’ (Pye) नावाच्या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीची ही रेकॉर्ड, नाव ‘द वर्ल्ड बीटर्स सिंग द वर्ल्ड बीटर्स’, म्हणजे जगाला हरवणारे गातात जगाला हरवणारी गाणी. कव्हर फुटबॉलसारखं गोल कापलेलं आहे, त्यामुळे संग्राहक ते जिवापाड जपतात.

तिचा जीव आहे ‘बॅक होम’ या गाण्यात. ते सिंगल (वेगळी छोटी रेकॉर्ड) म्हणूनही निघालं आणि मे १९७० मध्ये ब्रिटनच्या रेकॉर्डविक्रीच्या यादीत पहिलं आलं, तेव्हा मेक्सिकोतल्या त्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडचा एकही सामना झाला नव्हता! तीन आठवडे ते वरच राहिलं. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात हे गडी काळे सूट आणि बो टाय घालून ओळीने उभे राहून गायले. गाणं रचलं ग्लासगोच्या बिल मार्टिन आणि डेरीच्या फिल कूल्टर यांनी. म्हणजे इंग्लंडच्या संघाला गाणं दिलं एका स्कॉटिश आणि एका आयरिश माणसाने. याच जोडीच्या गाण्याने १९६७ ची युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली होती. चाल कदमतालाची, सूर फार वर चढत नाहीत. गळा न कमावलेल्या वीसेक माणसांना एकदम गाता येईल, अशीच ती बांधली आहे.

मला त्यातला भाव फार आवडतो. १९६६ चे जगज्जेते असूनही ते गाण्यात कप आणूच असं म्हणत नाहीत. घरची माणसं आपल्याकडे डोळे लावून बसली आहेत, त्यांच्यासाठी जीव तोडून खेळू, एवढंच म्हणतात. फुशारकी आहे ती कव्हरवरच्या नावात. १४ जूनला मेक्सिकोतल्या लिऑनमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध इंग्लंडकडे २-० अशी आघाडी होती. गोलकीपर गॉर्डन बँक्स आजारी पडून बाहेर होता. जादा वेळेत इंग्लंड २-३ ने हरलं. हा निकाल ठाऊक असताना गाणं लावलं की त्या भरड, एकसुरी आवाजांनी माझा गळा दाटतो. कसलेल्या गायकांनी म्हटलं असतं, तर असं झालं नसतं.

बाकीची एल.पी. एकदा ऐकून सोडून द्या. त्यात ‘शुगर, शुगर’सारखी त्या काळची गाजलेली गाणी आहेत आणि तिथे मूळ गायकांची फार आठवण येते.

जोडीला पश्चिम जर्मनीच्या संघाचं १९७४ च्या वर्ल्ड कपचं ‘फुसबॉल इस्ट उन्झर लेबेन’ (फुटबॉल हेच आमचं आयुष्य) हे गाणं मिळवा. त्याचा निर्माता जॅक व्हाइट स्वतः फुटबॉल खेळलेला होता, आणि तो संघ म्युनिकमध्ये नेदरलँड्सला २-१ ने हरवून जिंकलाही. दोन्ही गाणी एकट्याने हेडफोन लावून ऐकू नका. सामन्याच्या आदल्या रात्री तालमीत मोठ्या आवाजात लावा आणि त्या जुन्या खेळाडूंना आवर्जून बोलवा.