पिल्लू घ्यायचंय, पण द्वारकेला गाडीतून?

प्रश्न : आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मुलीला लॅब्राडॉर हवाय. एकजण म्हणतोय घरी येऊ नका, द्वारका सर्कलला या, गाडीतून पिल्लू देतो, ३५ दिवसांचं आहे, केसीआयचे (केनल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर नंतर. घ्यावं का?

उत्तर : ताई, नका घेऊ. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाचं रजिस्ट्रेशन लागतं, ते आधी मागा. केसीआयचा कागद म्हणजे वंशावळ फक्त, तब्येतीची गॅरंटी नव्हे, हे लोक हमखास विसरतात.

घरी जाऊन आई बघायचीच. मी मागे नाशिकरोडला एका ठिकाणी गेले होते, पिल्लं गोड, पण आई दाखवा म्हटलं तर तासभर टाळाटाळ, शेवटी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिंजऱ्यात दिसली, सड लोंबलेले, नखं वळलेली, खाली नुसती जाळी, मी चपला घातल्या आणि निघाले. चांगला माणूस उलट तुम्हालाच प्रश्न विचारून भंडावतो, घरी दिवसभर कोण असतं, फ्लॅट कितव्या मजल्यावर वगैरे.

लॅब्राडॉरमध्ये खुब्याचा त्रास आनुवंशिक असतो, म्हणून आईबापाचे हिपचे एक्सरे मागा. लसीचं कार्ड डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं हवं. पिल्लू घेतल्यावर लगेच स्वतःच्या व्हेटला दाखवा, कारण पार्व्होची (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची) लक्षणं काही दिवसांनी दिसतात, तोवर विकणारा फोन उचलत नाही. आणि हो, दया येऊन तसल्या शेडमधलं पिल्लू विकत घेऊ नका, त्या पैशांत त्याच आईचं पुढचं वेत निघतं.