डंपवर नवीन आहेस? आधी हवेची वाट बंद कर

वणी-चंद्रपूरकडे खाणीवर लागलास, छान झालं. डंपची, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाची, आग बहुतेक वेळा बाहेरून लागत नाही; आतल्या कोळशाला हवा मिळते, तो तापतो आणि ती ऊब कोंडून राहते. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- कोळशाचा चुरा ओबीत (ओव्हरबर्डन, म्हणजे त्याच माती-दगडात) जाऊ देऊ नकोस.
- उंचावरून ओतू नकोस. मोठे दगड घरंगळत पायथ्याशी जातात, त्यांच्या फटींतून हवा शिरते आणि ढीग चुलीसारखा ओढ धरतो. नवी पोरं इथंच चुकतात. पातळ थर टाक, डोझरने दाब, उतारावर चिकणमाती चढव.

पावसानंतर पहाटे फेरी मार. एकाच जागी वाफ किंवा रॉकेलसारखा वास आला तर लगेच साहेबांना कळव. तिथे स्वतः पाणी मारू नकोस, वर चढू तर मुळीच नकोस. खाली पोकळी असू शकते.