चित्र काढता येत नाही, मग आर्ट थेरपी कशी करू?

प्रश्न : वय ४४. गेल्या वर्षी धाकटा भाऊ अपघातात गेला. हॉस्पिटल, पोलीस, कागदपत्रं सगळं मीच निस्तरलं, त्यात रडायचं राहूनच गेलं. आता कुणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जातो. समुपदेशकाकडे गेलो तर 'कसं वाटतंय' म्हटलं की दातखीळच बसते. त्यांनी आर्ट थेरपी, म्हणजे चित्र-मातीकामातून मन मोकळं करायची उपचारपद्धती, सुचवलीय, बायकोही मागे लागलीय, पण मला साधं घर धड काढता येत नाही, आणि या वयात रंग घेऊन काय बसायचं?

उत्तर : घर काढता येत नाही हे उलट बरंच आहे. ज्यांचा हात चांगला असतो ते चित्र छान दिसावं म्हणून धडपडतात आणि मनातलं बाजूलाच राहतं. तिथे तुम्हाला कुणी मार्क देणार नाहीये. नुसत्या रेघोट्या मारून त्यात काय दिसतंय ते बघायचं, किंवा मातीचा गोळा घेऊन दाबायचा, आपटायचा, तोडायचा. राग असेल तर मी म्हणेन माती बेस्ट, कारण रागात कागद फाटला की माणूस ओशाळतो, मातीचा परत गोळा करता येतो.

दातखीळ बसणारे तुम्ही एकटे नाही हो. मुलगा रडला की गप्प करायचं आणि चिडला तर 'तापट आहे' म्हणून सोडून द्यायचं, हे लहानपणापासून चालत आलेलं, मग मोठेपणी दुःख काय, भीती काय, अपराधी वाटणं काय, सगळं रागातूनच बाहेर पडतं. चित्र काढताना तुमची आणि थेरपिस्टची, दोघांची नजर कागदावर असते, कुणी तुमच्या तोंडाकडे बघत बसत नाही, त्यामुळे हात चालू असताना बोलणं सुटतं कधीकधी. नाही सुटलं तरी चालतं.

आणि हे पोराबाळांचं काम नाही बरं का. 'आर्ट थेरपी' हे नाव १९४२ च्या सुमारास एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने दिलं, टीबीमुळे सॅनेटोरियममध्ये असताना तो स्वतः चित्रांवर सावरला आणि मग तिथल्या जखमी सैनिकांनाही शिकवायला लागला. अमेरिकेत वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात सैनिक कोरे मुखवटे रंगवतात, त्यातल्या काही मुखवट्यांची तोंडं चक्क शिवलेली असतात, तुमच्या दातखिळीसारखीच. मी अजून काय सांगू!

फक्त माणूस नीट निवडा. ड्रॉइंग क्लास वेगळा, थेरपी वेगळी, त्यामुळे मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलंय का ते सरळ विचारा. काळा रंग वापरला म्हणजे डिप्रेशन, असं भविष्य सांगणारा भेटला तर उठून या. झोप उडाली असेल किंवा जगणंच नको वाटत असेल तर थेरपीची वाट न बघता आधी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

वहिनींना एकच सांगा, 'आज काय काढलंत, दाखवा' करू नका. चित्र घरी आणलंच पाहिजे असं काही नसतं, ते थेरपिस्टकडे फाईलमध्येही राहू शकतं.