पिकअपचा ॲक्सल नट: कचकचून आवळायचा की थोडा मागे घ्यायचा?

तुम्ही पुढच्या चाकाचं बेअरिंग घरीच बदललंय, आता ॲक्सल नट (चाकाच्या मधोमध शाफ्टच्या टोकावर बसणारा मोठा नट) आवळायचाय आणि सल्ले दोन मिळालेत: एक म्हणतो पान्याला पाईप लावून जाईल तेवढा आवळ, दुसरा म्हणतो घट्ट करून पाव फेरा मागे घे. हे सल्ले दोन वेगळ्या प्रकारच्या बेअरिंगचे आहेत. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की नवं बेअरिंगही थोड्याच दिवसांत आवाज करायला लागतं. त्यामुळे किती जोराने आवळायचं (टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये) त्या आकड्याआधी बेअरिंगचा प्रकार ओळखा.

नट बघून ओळखू नका, कारण खाचांचा कॅसल नट आणि कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून छिद्रातून घालून वाकवायची पिन) दोन्हीकडे दिसू शकते. बेअरिंग काय बसवलंत ते आठवा. ग्रीस न भरता, सीलबंद एकच युनिट बसवलं असेल, तर तिथे नटाचं काम दाबून धरण्याचं. आतलं आणि बाहेरचं अशी दोन सुटी टेपर (निमुळत्या रोलरची) बेअरिंगं ग्रीस भरून बसवली असतील, तर तिथे नट फक्त मोकळीक ठरवतो. फुल-फ्लोटिंग (जिथे गाडीचं वजन ॲक्सलच्या दांड्यावर येत नाही अशा) मागच्या ॲक्सलवर दोन नट आणि मध्ये लॉक वॉशर असतो, तेही सहसा या दुसऱ्याच गटातलं. सेमी-फ्लोटिंग (जिथे वजन दांड्यावरच येतं अशा) मागच्या ॲक्सलला बहुतेक वेळा मधोमध नटच नसतो, तो शोधत बसू नका.

आधी सीलबंद युनिट. त्याच्या आतल्या रिंगचे दोन भाग बऱ्याच गाड्यांत या नटाच्या दाबानेच एकमेकांना चिकटून राहतात, आणि गोळ्यांना किती जागा मिळायची हे कारखान्यात तो दाब धरूनच ठरवलेलं असतं. नट कमी आवळला तर रिंग शाफ्टवर हळूहळू सरकते, घासते, तापते. म्हणून इथे पाव फेरा मागे घेणं म्हणजे बेअरिंग मारणं. पण ‘जाईल तेवढा’ हेही चूकच. अनेक पिकअपमध्ये हा आकडा २०० ते ३५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तर काही फोर-व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये जेमतेम ३० च्या आसपास, कारण तिथे बेअरिंगचा दाब युनिटमध्येच बांधलेला असतो आणि नट फक्त शाफ्ट जागेवर ठेवतो. अशा नटावर पाईप घालून लटकलात तर आटे गेलेच म्हणून समजा. आकडा तुमच्या मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या आणि एकक नीट वाचा: २०० फूट-पौंड म्हणजे २७१ न्यूटन-मीटर.

शाफ्टचे आटे आणि स्प्लाईन (शाफ्टवरच्या लांब उभ्या खाचा) तारेच्या ब्रशने साफ करा. स्प्लाईनवर अँटी-सीझचा (भाग जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात चालतो. आट्यांवर मात्र मॅन्युअल सांगत नसेल तर तेल किंवा ग्रीस नको. पान्यावर लावलेल्या ताकदीतली साधारण नव्वद टक्के घर्षणातच जाते. आटे तेलकट झाले की घर्षण घटतं आणि तोच आकडा दाखवत असतानाही शाफ्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. वॉशर आणि हबची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) टेकणारी बाजू गंजमुक्त हवी, नाहीतर गंजाचा थर पुढे दबतो आणि नट आपोआप सैल पडतो.

नट नवाच घ्या. कॉलर ठोकून लॉक होणारा आणि नायलॉनची रिंग असलेला, हे दोन्ही एकदाच वापरायचे असतात.

आवळताना चाक हवेत, गाडी स्टँडवर (नुसत्या जॅकवर अजिबात नाही), बाकीच्या चाकांना ठोकळे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. एकटे असाल तर डिस्कच्या हवेच्या खाचेत जाड स्क्रू-ड्रायव्हर घालून तो कॅलिपरच्या ब्रॅकेटला टेकवा. नट पूर्ण आवळल्याशिवाय चाक जमिनीवर टेकवू नका, गाडी ढकलूही नका. दाब नसताना बेअरिंगवर वजन आलं तर ते पहिल्याच दिवशी आतून खराब होतं, बाहेरून काही दिसत नाही.

इम्पॅक्ट गन खोलायला ठीक, शेवटी आवळायला नाही. हाताने आटे धरवा, साध्या पान्याने टेकवा, मग टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) एकाच संथ ओढीत आकड्यापर्यंत न्या. रेंच हवा त्या आकड्याच्या बराच वरपर्यंत मोजणारा घ्या आणि खोलायला कधीच वापरू नका. तो नसेल तर १ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला काटकोनात २५ किलो जोर म्हणजे जवळपास २४५ न्यूटन-मीटर. वजनकाट्याने ओढून हा अंदाज बऱ्यापैकी येतो, पण माझ्या मते तो अडल्या वेळचा उपाय. रेंच भाड्याने मिळत असेल तर तोच आणा.

लॉक करायचं राहून जाऊ देऊ नका. ठोकायचा नट असेल तर कॉलर शाफ्टच्या खाचेत बोथट पंचने दाबा. धारदार छन्नीने ती फाटते. कॅसल नटाची खाच शाफ्टच्या छिद्राशी जुळत नसेल तर सीलबंद युनिटच्या बाबतीत नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे नाही.

टेपर बेअरिंगला नेमकं उलट: छिद्र जुळवायला नट मागेच घ्यायचा. तिथली पद्धत अशी. हब दोन्ही दिशांना फिरवत फिरवत नट मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापर्यंत आवळा. जुन्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये तो १६ न्यूटन-मीटरइतकाही कमी असतो, काहींत ५०-६०. फिरवल्याशिवाय रोलर कडेला बसत नाहीत, आणि नंतर बसले की चाकाला प्ले (सैलपणा) येतो. मग हब न हलवता नट पूर्ण सैल करा, बोटांनी टेकेल इतकाच परत आणा, आणि पिनेचं जवळचं छिद्र येईपर्यंत मागे घ्या, नटाच्या अर्ध्या बाजूपेक्षा जास्त नाही. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं साधन) असेल तर मोकळीक साधारण ०.०२ ते ०.१२ मिलिमीटर यायला हवी. (काही गाड्यांत मोकळीक नाही, थोडा दाब सांगितलेला असतो. तिथे मॅन्युअलचंच ऐका.) कॉटर पिन नवीन. जास्त आवळलं तर ग्रीस पातळ होऊन रोलर निळे पडतात, आणि हे सैल राहिल्यापेक्षा फार लवकर होतं.

तपासणीसाठी चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा (सस्पेंशनच्या गोल सांध्याचा). मग ८-१० किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवा आणि दोन्ही हब हाताने तपासा. कोमट चालेल. एकच बाजू हात ठेववत नाही इतकी तापली तर खोला. टेपर असेल तर काहीशे किलोमीटरनंतर मोकळीक पुन्हा बघा. सीलबंद युनिटला योग्य आकड्यावर आवळूनही प्ले असेल, तर नट आणखी ओढून तो जाणार नाही. बेअरिंग बसवताना बिघडलंय किंवा मुळातच सदोष आहे, ते बदलावं लागेल.