सवाईसारख्या महोत्सवात गायकाभोवती बसलेले चार-पाच जण नेमकं काय करतात? त्यांची आधी तालीम झालेली असते का?

तुम्ही यंदा डिसेंबरात पहिल्यांदा पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाणार आहात. गायकाच्या मागेपुढे बसलेली माणसं काय करतात, सुरुवातीची ठोकाठोक कशासाठी, हे सगळं आधी बसवलेलं असतं का, आणि बसावं कुठे, असं तुम्ही विचारलंय. तालमीचं आधी सांगतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. तालीम बहुतेक वेळा झालेली नसते.

माझी ओळख एवढीच, की गाणं शिकलो, पण मंचावर माझी जागा गुरुजींच्या मागे तानपुऱ्यापाशी. तीही सांगली-मिरजेकडच्या छोट्या संगीत मंडळांच्या कार्यक्रमांत. सवाईला मी तुमच्यासारखाच तिकीट काढून बसतो. पण मंच लहान असो की मोठा, त्यावरचा व्यवहार सारखाच चालतो.

गायक धारवाडहून आलेला असतो, तबलजी मुंबईहून, पेटीवाले पुण्याचेच. कित्येकदा तिघांची गाठ थेट मंचामागच्या खोलीत पडते. चहा घेता घेता बोलणं होतं. "सूर कोणता?" "काळी एक." "काय घेताय?" "पूरिया धनाश्री. बडा ख्याल एकतालात, मग तीनताल." झाली तालीम! (काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, तो गायकाचा सा; बडा ख्याल म्हणजे संथ लयीतली मुख्य चीज.) पुष्कळदा एवढंही ठरत नाही, कारण आधीच्या कलाकाराने तोच राग गाऊन ठेवला तर ऐनवेळी बदलावा लागतो. लागोपाठ दोन यमन ऐकवायला कुणालाच आवडत नाही. शिवाय वेळापत्रक घसरलं तर सूर्यास्ताला म्हणून योजलेला मारवा रात्री साडेआठला कसा गायचा, हा प्रश्न असतोच. मग बागेश्रीवर येतात, आणि ते साथीदाराला मंचावर बसल्यावर कळतं.

हे चालतं कारण ताल, ठेका (तालाचे तबल्यावरचे ठरलेले बोल), रागाची चौकट सगळ्यांची एकच आहे. एकतालाच्या बारा मात्रा धारवाडलाही बारा आणि बनारसलाही बाराच. बंदिश माहीत नसली तरी मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, दोनदा ऐकला की साथीला पुरेशी पकडता येते. बाकी सगळं डोळ्यांनी आणि मानेने ठरतं, आणि ते पाहण्यासाठीच पुढे जाऊन बसावं असं मी म्हणेन.

आता ठोकाठोकीबद्दल. तबला गायकाच्या षड्जात, म्हणजे त्याच्या सा मध्ये, मिळवलेला असतो. पुरुष गायक साधारण काळी एक, पांढरी दोनच्या आसपास गातात, बायका काळी तीन ते काळी पाच. एका तबल्यावर एवढं अंतर चढ-उतार करता येत नाही, म्हणून तबलजी वेगवेगळ्या तोंडाचे दोन-तीन तबले घेऊन फिरतात. मोठा फरक असेल तर वादीत (बाजूच्या चामडी पट्टीत) अडकवलेल्या लाकडी गट्ट्यांवर हातोडी मारून पुडी, म्हणजे वरचं चामडं, ताणतात किंवा सैल करतात. थोडासाच असेल तर कडेच्या गजऱ्यावर (चामड्याच्या वेणीवर) हलकी टिचकी पुरते. पुडीच्या एका बाजूला सूर लागला आणि समोरच्या बाजूला उतरला, की पुन्हा फेरी. घाई करून चालत नाही. उतरलेला तबला पुढचा सगळा वेळ गायकाच्या कानाशी भांडत राहतो.

तानपुऱ्याचं गणित आणखी नाजूक. चार तारा: पहिली पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमात लावतात, मारवा-पूरियात निषादात. म्हणजे राग बदलला की तानपुराही बदलतो. तारांच्या खाली घोडीवर सुताचा बारीक तुकडा सरकवताना तुम्हाला दिसेल. त्याने जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज, नेमकी लागते. सूत केसभर इकडेतिकडे झालं की आवाज एक तर मुका होतो, नाहीतर भणभणतो. नेमक्या जागी बसलं तर चार तारांतून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. मिरजेचे कारागीर ही जवारी हाताने काढतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून बनणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटलं की हे आधीच का नव्हतं.

त्यात हवामान. दिव्यांच्या उष्णतेने तारा सैलावून उतरतात आणि चामडं तापून चढतं. म्हणजे तानपुरा एका दिशेला चालला, तबला दुसऱ्या. मध्येच दोन मिनिटं थांबून पुन्हा मिळवणी सुरू झाली तर कंटाळू नका. मागे बसणाऱ्याची खरी परीक्षा तीच असते. गाणं चालू असताना, आवाज न करता, उतरलेली तार खालच्या मण्याने परत वर आणायची. आणि हो, एक पाय झोपलेला असतो, तो हलवायचा नाही.

पेटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर होतो. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती उठायला 1971 उजाडलं. आक्षेप असा की ठरावीक पट्ट्यांच्या वाद्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) मिळत नाहीत. आक्षेप खोटा नाही. गायक गंधारावरून षड्जावर घसरत येतो तेव्हा पेटीला पायऱ्या उतरूनच यावं लागतं. पण अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर या मंडळींनी दाखवून दिलं की साथीची कला काय वाजवायचं यापेक्षा काय गाळायचं यात आहे. चांगला पेटीवाला मींडेच्या जागी एक सूर धरून ठेवतो आणि गायकाला एकट्याला जाऊ देतो. गायक काय घेणार हे त्याला आधी माहीत नसतं, तो अर्धा श्वास मागे असतो, तरी आपल्याला दोघं बरोबर वाटतात. गायक थांबला की शेवटच्या फ्रेजचं शेपूट पेटी अलगद उचलते, म्हणजे मधली जागा रिकामी पडत नाही आणि गायकाला घोटभर पाणी पिता येतं. हे शेपूट नवीन पेटीवाले फार लांबवतात. गायकाने अजून न दाखवलेला सूर पेटीने आधीच लावला, तर समजा की गायकाच्या हातातलं पान खेळण्याआधीच उघडं पडलं. अशा वेळी गायकाचा चेहरा बघा.

तबलजीचं काम वरून सोपं दिसतं. विलंबित (संथ) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण मिनिट सहज चालतं. तेवढ्या वेळात बारा मात्रा, मधल्या भरणीसह, घड्याळाकडे न बघता सारख्या अंतराने टाकायच्या. गायक हवा तिथे भटकून येईल आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, उतरेल तेव्हा जमीन तिथेच असली पाहिजे. लय कुणी ठरवायची? गायकाने. तो मुखडा गातो, हाताने किंचित इशारा करतो, तबलजी सम पकडतो. पहिल्या दोन आवर्तनांत गायक मान हलवून "जरा चढी" किंवा "जरा बसती" असं सुचवत असतो. एकदा लय बसली की ते बोलणं संपतं. कुमार गंधर्वांना वसंतराव आचरेकरांची साथ ज्यांनी ऐकली आहे, किंवा ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत, त्यांना ठाऊक आहे की ठेका नुसता ठेका म्हणून वाजवण्यात केवढं गाणं असतं. महोत्सवात मात्र हजारो लोक समोर असतात, एखादा तुकडा मारला की टाळ्या पडतात, आणि मोह होतोच. माझं मत विचाराल तर ख्यालात तबल्याला पडलेल्या निम्म्या टाळ्या गायकाच्या वेळेतून वजा होतात.

सतार-सरोदला वेगळा हिशेब. तिथे आलाप-जोड-झाला संपेपर्यंत तबलजी हात जोडून बसलेला असतो, आणि गत (तालात बांधलेली रचना) सुरू झाली की दोघांची पाळीपाळीने देवाणघेवाण चालते. मसीतखानी या विलंबित गतीचा मुखडा सोळा मात्रांच्या तीनतालाच्या बाराव्या मात्रेपासून उठतो, त्यामुळे तबलजीला पहिल्याच उठावात कळतं सम कुठे आहे. तुम्हीही मोजून बघा. बारापासून मोजत सोळा संपले की येणारा ठोका समेचा. दोनदा जमलं की कार्यक्रम निराळाच दिसू लागतो.

राहिले मागचे, म्हणजे आम्ही. तानपुरा घेऊन बसलेले बहुधा शिष्य असतात. अधूनमधून गुरू मान वळवतात किंवा हात किंचित मागे करतात, तेव्हा एखादी जागा आपण घ्यायची. त्यांच्या गळ्याला तेवढी उसंत मिळते. नियम असा की गुरूंनी मांडलेल्या मर्यादेच्या आत राहायचं. ते धैवतावर थांबलेले असताना शिष्याने तार षड्ज, म्हणजे वरचा सा, दाखवायचा नसतो. दोन ओळी गाऊन पुन्हा गप्प. ही मंचावरची उमेदवारी, आणि तिचा फायदा घरच्या कुठल्याही तालमीत मिळत नाही, कारण समोर लोक बसले की गुरू काय गाळतात आणि काय ठेवतात ते फक्त इथे दिसतं. मुळात हा महोत्सवच शिष्याने गुरूसाठी सुरू केलेला. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर 1952 साली गेले, आणि 1953 पासून भीमसेन जोशींनी आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे हा उत्सव उभा केला. 2011 मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं.

साथसंगतीचा कस बघायचा असेल तर एकदा मिरजेला या. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली वारले, त्यांची कबर तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांच्या स्मृतीची संगीतसभा दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली भरते. तिथे कलाकार हजेरी लावायला येतात, मानधनाची बोलणी नसतात. एकच तबलजी लागोपाठ तीन-चार गायकांना साथ करतो, प्रत्येकाचा सूर वेगळा, घराणं वेगळं. किराण्याचा संथ आलाप संपला की पुढचा माणूस लयीशी खेळणारा आग्र्याचा. तबलजीने तबला बदलायचा, आणि डोकंही.

सवाईच्या जुन्या श्रोत्यांकडून तुम्ही ऐकाल की पूर्वी रात्रभर चालायचं आणि शेवट पहाटेच्या रागांनी व्हायचा. खरं आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आली. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. कलाकारांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की दुपारचे मुलतानी-भीमपलास आणि संध्याकाळचे पूरिया धनाश्री, यमन यांची गर्दी झाली. दरबारीला निवांत रात्र मिळत नाही आणि तरुण कलाकाराच्या वाट्याला पाऊण तास येतो. पाऊण तासात विलंबित, द्रुत आणि एखादा अभंग. विलंबितातला स्वरविस्तार आखडतो, ताना लवकर येतात. त्यात गाणाऱ्याचा दोष कमी, घड्याळाचा जास्त.

बसण्याबद्दल. तबलजी सहसा गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे आपल्या डाव्या बाजूला; पेटी आपल्या उजवीकडे. मी भारतीय बैठकीत (खाली जमिनीवर), मधल्यापेक्षा जरा उजवीकडे बसतो, कारण तिथून गायक तबलजीकडे वळून बघतो तेव्हा तबलजीचा चेहरा समोर येतो. ध्वनिक्षेपकाच्या अगदी पुढ्यात बसू नका, पेटी अंगावर येते आणि तानपुरा ऐकूच येत नाही. पडद्यावर जवळून दिसतं, पण कॅमेरा नेमका गायकावरच असतो. वडा खायला उठायचं असेल तर दोन कलाकारांच्या मध्ये उठा, विलंबित चालू असताना नको. अर्थात त्या मधल्या वेळात सगळेच उठतात, रांग लांब असते, आणि परत येईपर्यंत पुढच्याची तबला-मिळवणी संपत आलेली असते.